अंतर राखूनही माणूस एकटा पडू नये म्हणून: साथीच्या काळातली फोनफेरी आणि मदत, पायरीपायरीने

साथ आली, अंतर राखायची वेळ आली, की पहिल्या आठवड्यात जो तो दुसऱ्याला 'काही लागलं तर सांगा' म्हणतो. दहाव्या दिवशी बघावं तर कोणीच काही सांगितलेलं नसतं, आणि विचारणारेही थकून गप्प झालेले असतात. दानत कुणाचीच कमी नसते, आखणी कच्ची असते. 'काही लागलं तर' म्हणताना काय, किती आणि कधी हे ठरवायचं ओझं आपण गरजवंताच्याच डोक्यावर ठेवतो. संकोची माणूस ते उचलत नाही, आणि नेमकी त्यालाच गरज असते.

खालची फोनफेरीची पद्धत, म्हणजे ठरल्या माणसांना ठरल्या वेळी फोन आणि नेमकी मदत, एकट्या माणसाला जमते, तशी वीस-पंचवीस घरांनाही जमते. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. बहुतेक लोक थेट पाचव्या टप्प्यावर, म्हणजे सामान पोहोचवण्यावर उडी मारतात आणि तिथेच अडकतात.

दोन गोष्टी आधी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये 'सामाजिक अंतर' हा शब्द मागे ठेवून 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. अंतर शरीरांमध्ये हवं, बोलणं तुटायला नको, एवढाच त्याचा अर्थ. आणि या लेखातले आरोग्याचे आकडे कोविडच्या काळातले आहेत. आजार बदलला की अंतर आणि विलगीकरणाचे दिवसही बदलतात, तेव्हा तुमच्या आरोग्य विभागाची ताजी सूचना आधी पाहा.

## टप्पा १: आधी स्वतःचा दिवस बसवा (पहिले तीन दिवस)

घाबरलेल्या माणसाने घाबरलेल्या माणसाला फोन केला की दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरून फोन ठेवतात. म्हणून पहिले तीन दिवस दुसऱ्या कोणासाठी काहीही हाती घेऊ नका.

दिवसाला तीन खुंट्या ठोका:

१. उठायची वेळ. रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही. रात्री झोप लागली नाही तरी सकाळची वेळ हलवायची नाही. झोपेचं चक्र जागेवर येतं ते सकाळ ठरलेली असली की.

२. उजेड. उठल्यावर तासाभरात निदान पंधरा-वीस मिनिटं खिडकीशी, गच्चीवर किंवा अंगणात. घरातला दिवा कितीही लख्ख वाटला तरी बाहेरच्या ढगाळ उजेडापेक्षाही तो बराच मंद असतो.

३. बातम्या. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, त्याही एक-दोन भरवशाच्या ठिकाणच्याच. रात्रीच्या जेवणानंतर अजिबात नाही. फोनवरच्या बातम्यांच्या सूचना बंद करा, नाहीतर 'दिवसातून दोनदा'चं 'दिवसातून साठदा' व्हायला वेळ लागत नाही.

या तिन्हीच्या मधे काय भरायचं ते दिवसागणिक बदललं तरी चालेल. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तासातासाचं रंगीत वेळापत्रक भिंतीवर लावणारे खूप असतात. चौथ्या दिवशी ते मोडतं, आणि मग अपराधीपणाचीच भर पडते.

झोपण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहा: आज काय पूर्ण झालं, आज कोणाशी बोललो, उद्याचं एक काम. पूर्ण झालेलं काम लहान आणि ठोस हवं. 'कपाट आवरलं' असं लिहाल तर ते अर्धवट राहिल्याची बोच राहील. 'कपाटाचा वरचा कप्पा आवरला' हे खरंही असतं आणि संपलेलंही. 'आज छान वाटलं' असं लिहायची सक्ती नाही. दिवस वाईट गेला असेल तर 'वाईट गेला' असंच लिहा. ओढूनताणून हसरा चेहरा ठेवणं हे या काळातलं सर्वात दमवणारं काम आहे, आणि त्यातून कोणालाच काही मिळत नाही.

तपासणी: सलग तीन दिवस उठायची वेळ पाळली गेली का? बातम्या रात्री बंद राहिल्या का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर पुढे चला. नसेल तर आणखी तीन दिवस इथेच थांबा. पुढची माणसं तेवढी थांबतात. ज्याला औषध किंवा जेवण आजच हवं आहे त्याचा अपवाद, त्याचं काम लगेच करा.

## टप्पा २: यादी करा, पण लहान

कागदी वही घ्या. फोनमधल्या यादीत नाव हरवतं, आणि उद्या तुम्हीच आजारी पडलात तर दुसऱ्याला ती उघडताही येत नाही.

आधी आठ-दहा नावं सुचतील ती लिहा. मग स्वतःला विचारा, यात कोण राहिलं? राहून जाणारी माणसं बहुधा ठरलेलीच असतात:

- जे कधीच तक्रार करत नाहीत.
- घरातल्या आजाऱ्याची सेवा करणारी व्यक्ती. सगळे आजाऱ्याची चौकशी करतात, तिची कोणीच करत नाही.
- काम किंवा धंदा बंद पडलेला घरचा कर्ता. तो 'मजेत' असं इतक्या पटकन सांगतो की पुढे विचारायचं राहून जातं.
- नुकतेच राहायला आलेले, ज्यांचा नंबर कोणाकडेच नाही.
- ज्या घरात रुग्ण निघाला ते घर. इथे शेजारी आजाराला घाबरून बोलणंही तोडतात. फोनमधून संसर्ग होत नाही, हे त्या शेजाऱ्यांना ठाऊक नसतं असं नाही.
- एकटी राहणारी तरुण मुलं. 'त्यांचं काय, त्यांचे मित्र असतात' असं आपण धरून चालतो.

आता या यादीतून स्वतःसाठी तीन, फार तर पाच नावं ठेवा. उरलेली दुसऱ्या कोणाला द्या. एका माणसाने पंधरा जणांची जबाबदारी घेतली की दुसऱ्या आठवड्यात फोन चुकायला लागतात. आणि न आलेल्या फोनपेक्षा 'येईन' म्हणून चुकलेला फोन जास्त लागतो.

प्रत्येक नावापुढे सहा रकाने: फोन नंबर, सोयीची वेळ, ऐकायला कमी येतं का, नेहमीची औषधं संपायची तारीख, अडचणीत कळवायचं नातेवाइकाचं किंवा मित्राचं नाव आणि नंबर, शेवटच्या फोनची तारीख. पाचवा रकाना रिकामा ठेवू नका. त्याची गरज का पडते ते चौथ्या टप्प्यात येईल.

खबरदारी: माहिती त्या माणसाला विचारून, त्याच्या देखत लिहा. 'हे मी माझ्या वहीत ठेवतोय, कोणाला दाखवणार नाही' एवढं सांगा. कोणाला कोणता आजार आहे ते लिहूच नका; औषध संपायच्या तारखेवर काम भागतं.

## टप्पा ३: पहिला फोन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

फोनने खरंच फरक पडतो का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी: २०२० साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २४० जणांना घेऊन याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना चार आठवडे फोन गेले, निम्म्यांना नाही. फोन करणारे १६ जण १७ ते २३ वर्षांचे होते. त्यातलं कोणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हतं, ऐकून कसं घ्यायचं याचं थोडंसं शिक्षण तेवढं दिलं होतं. ज्यांना फोन गेले त्यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता, तिन्ही कमी झाल्या. फोन साधारण दहा मिनिटांचे असत. सल्ला देण्यावर भर नव्हता; समोरच्याला ज्या विषयावर बोलायचंय तो विषय धरायचा आणि त्यातलंच पुढचं विचारायचं, एवढीच रीत होती. तीच आपण वापरणार आहोत.

क. सुरुवात. पहिल्याच वाक्यात तीन गोष्टी सांगा: कोण बोलतंय, किती वेळ, आणि आत्ता नको असेल तर कधी.

"नमस्कार काकू, मी खालच्या मजल्यावरची. दहा मिनिटं बोलू या का? हातात काम असेल तर पाच वाजता करते."

वेळ सांगितल्याने समोरचा निर्धास्त होतो. कधी संपेल ते माहीत नसलेला फोन लोक टाळतात.

ख. प्रश्न. 'कशा आहात?' याचं उत्तर 'बरी आहे' असंच येणार. ते उत्तर नसतंच, तो दरवाजा लोटून घेतल्याचा आवाज असतो. ज्याचं उत्तर 'बरी आहे' असं देताच येत नाही, ते विचारा. "आज सकाळपासून काय काय केलंत?" "काल रात्री झोप किती वाजता लागली?" "आज बोलायला कोण भेटलं, फोनवर का होईना?" हे सोपे प्रश्न झाले की मग कामाचे: "गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? डबी जवळ असेल तर मोजूनच सांगा ना, मी थांबते." 'आहेत अजून' यावर विश्वास ठेवू नका. मोजल्यावर कित्येकदा चारच निघतात.

ग. ऐकणं. समजा काकू म्हणाल्या, "मुलगा आठवडाभर फोनच करत नाही." आपल्या तोंडून लगेच निघतं, "अहो, कामात असेल." झालं, विषय बंद. मुलाची वकिली आपण केली आणि काकू एकट्याच राहिल्या. त्याऐवजी: "शेवटचं कधी बोलणं झालं?" आणि मग गप्प. मनात पाचपर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला जड वाटेल, त्यांना नाही.

आणखी तीन वाक्यं पूर्ण टाळा. 'सगळं नीट होईल' (तुम्हाला माहीत नाही, त्यांनाही ते माहीत आहे). 'इतरांचं बघा, त्यामानाने आपण सुखी' (यावर माणूस मान डोलावतो आणि पुढच्या वेळी काही सांगत नाही). 'सकारात्मक राहा' (कसं, ते सांगायला दहा मिनिटं पुरणार नाहीत, आणि न सांगता म्हटलं तर तो दोषारोप होतो).

घ. देऊ करणं. मदत नेहमी ठोस, आणि दोन पर्यायांत. "मी उद्या सकाळी औषधांच्या दुकानात जातेच आहे. तुमच्या गोळ्या उद्याच आणू, की शुक्रवारी सामानाबरोबर?" इथे 'हवं की नको' हा प्रश्नच उरत नाही, फक्त 'उद्या की शुक्रवारी'. संकोची माणसालाही निवड करता येते.

च. मागणं. बहुतेक जण हे विसरतात. फक्त घेत राहावं लागलं की माणूस चार दिवसांत खजील होतो आणि फोन उचलायचं टाळतो. त्यांच्याकडूनही काही मागा: उसवलेल्या कापडाला कोणता टाका घालू, कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी का पडताहेत, घरातल्या मुलाला रोज पंधरा मिनिटं पाढे विचाराल का. उगीच बरं वाटावं म्हणून विचारलेलं लगेच कळतं. खरोखर अडलेलं असेल तेच विचारा आणि पुढच्या फोनला 'तुम्ही सांगितलं तसं केलं, असं झालं' हे आठवणीने सांगा.

छ. शेवट. पुढचा फोन कधी, ते वार-वेळेसह सांगून ठेवा. 'करते परत' म्हणणं म्हणजे पुन्हा 'काही लागलं तर सांगा'च. फोन ठेवल्यावर लगेच वहीत दोन ओळी: काय ठरलं, पुढे काय विचारायचं. 'गुरुवारी डॉक्टरांचा फोन होता, काय म्हणाले?' असं नेमकं विचारलेलं माणसाला फार पोचतं.

ऐकायला कमी येत असेल तर ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो आणि चढतो, आणि वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते चढ्या पट्टीतलं. आवाज खाली आणा, वेग कमी करा, वाक्य लहान ठेवा, तुमच्या बाजूचा स्पीकर बंद ठेवा. व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका. काहींना चेहरा बघून बरं वाटतं, पण बऱ्याच जणांना घर आवरलेलं नाही याचीच काळजी लागते. विचारून ठरवा.

तपासणी: दहा मिनिटांत तुम्ही जास्त बोललात की ते? तुम्ही बोलला असाल तर पुढच्या वेळी दोन प्रश्न कमी करा.

## टप्पा ४: फेरी बसवा

टेक्सासच्या त्या चाचणीत पहिले पाच दिवस रोज फोन होता. त्यानंतर किती हवे ते समोरच्याने ठरवायचं, पण आठवड्याला दोनपेक्षा कमी नाही. तेच प्रमाण धरा. पहिले पाच दिवस ओळख घट्ट करण्याचे असतात. आठवड्याने एकदा फोन केला तर दर वेळी सुरुवातीपासून सुरुवात होते.

हिशोब करून बघा. चार माणसं, रोज दहा मिनिटं, वर वहीत लिहायला दोन-दोन मिनिटं: साधारण पाऊण तास झाला. पहिल्या आठवड्यानंतर तो आणखी कमी होतो. एवढं झेपत नसेल तर दोनच माणसं घ्या.

प्रत्येक फोन करणाऱ्यामागे एक राखीव माणूस ठेवा. वही कुठे आहे आणि आज कोणाचा वार आहे, हे त्याला माहीत हवं. तुम्हाला ताप आला तर फेरी थांबता कामा नये. एकटी राहणारी माणसं त्या फोनची वाट बघायला लागलेली असतात.

फोन उचलला नाही तर: हा क्रम आधीच ठरवून, त्यांना सांगून ठेवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा. मग एक तासाने. तरी नाही तर पाचव्या रकान्यातल्या माणसाला फोन. त्यालाही माहीत नसेल तर जवळचं कोणीतरी दारापर्यंत जाऊन घंटी वाजवेल, हाक मारेल. आतून उत्तर नसेल तर आपत्कालीन सेवा. पडलेला माणूस तासन्‌तास तसाच राहतो, कारण 'झोपले असतील' असं प्रत्येकाला वाटतं. याउलट दहा मिनिटांत चार फोन करून गल्ली गोळा करणंही नको. माणूस अंघोळीलाही जातो.

## टप्पा ५: सामान पोहोचवणं

आता कुठे ही पायरी.

१. यादी त्यांच्याकडून लिहून घ्या, जमल्यास कागदाचा फोटो. प्रत्येक वस्तूपुढे प्रमाण हवं. 'साबण' लिहिलं तर एक की सहा, अंगाचा की कपड्यांचा, हे दुकानात उभं राहून विचारावं लागतं.

२. 'हे नाही मिळालं तर काय चालेल?' हे आधीच विचारा. अर्ध्याहून अधिक कटकटी इथेच मिटतात.

३. औषधाच्या बाबतीत चिठ्ठीचा किंवा जुन्या पाकिटाचा फोटो घ्या; नाव, मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या तिन्ही जुळवा. एकाच नावाची गोळी वेगवेगळ्या ताकदीत येते आणि पाकिटं सारखी दिसतात. औषधाला 'हे नाही तर ते' लागू नाही. ते दुकानदाराने किंवा डॉक्टरांनीच ठरवायचं. सात दिवसांचा साठा उरला की मागवा, शेवटच्या दिवशी धावपळ नको.

४. पैसे: बिलाचा फोटो पाठवा, तेवढेच घ्या. कोणाचं कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, फोनवर आलेला ओटीपी घेऊ नका; त्यांनी आपणहून दिला तरी नाही. साथीच्या काळात मदतीच्या नावाने फसवणारेही फोन करत असतात. 'ओटीपी मागेल तो आपला माणूस नाही' हे तुमच्याच वागण्यातून त्यांना कळू द्या.

५. देणं: सामान दाराशी खाली ठेवा, घंटी वाजवा, दोन मीटर मागे जा आणि थांबा. ठेवून लगेच निघून जाणं सोपं असतं, पण दार उघडून सामान आत गेलेलं बघणं गरजेचं आहे. वाकायला त्रास होणाऱ्यांसाठी दाराशी एक स्टूल ठेवायला सांगा. तेवढ्यात दोन वाक्यं बोलून घ्या. अंतर ठेवून, तोंड झाकून, मोकळ्या हवेत दोन मिनिटं बोलण्याचा धोका फारच कमी असतो.

६. दोघांनीही नंतर हात धुवा. साबण-पाण्याने २० सेकंद, किंवा किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर.

२०२० च्या सुरुवातीला प्रयोगशाळेत कोविडचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला, आणि लोक पिशव्या तीन-तीन दिवस बाहेर ठेवायला लागले. पुढे स्पष्ट झालं की लागण मुख्यतः श्वासातून, हवेतून होते. वस्तूंना हात लागून होण्याचा धोका बराच कमी. म्हणून खाण्याच्या वस्तूंवर जंतुनाशक फवारू नका. त्याने पोट बिघडेल, विषबाधाही होऊ शकते. हात धुणं पुरेसं.

खबरदारी: तुम्हाला स्वतःला ताप, खोकला, घसादुखी असेल तर 'एवढंच पोहोचवतो' असं म्हणू नका. राखीव माणूस त्यासाठीच आहे.

## टप्पा ६: ग्रुप असेल तर

ग्रुप मदतीला असावा, गप्पांना दुसरा काढा. मदतीच्या ग्रुपवर शुभेच्छा आणि चित्रं सुरू झाली की 'ऑक्सिजन हवाय' हा निरोप त्यात वाहून जातो.

तीन नियम पुरतात. एक: निरोपात काय हवं, कधीपर्यंत, आणि काम झालं की 'झालं' हा शब्द. दोन: कोण आजारी आहे हे त्या माणसाने स्वतः लिहिलं तरच लिहायचं. तीन: आरोग्याची बातमी पुढे ढकलण्यापूर्वी मूळ कोणाचं आणि तारीख कुठली ते बघायचं, दोन्ही सापडत नसतील तर ती बातमी तुमच्यापाशीच थांबू द्या. 'खरं-खोटं माहीत नाही, पण आलंय म्हणून पाठवतोय' हे सर्वात महाग पडणारं वाक्य आहे.

कोणी चुकीचं काही टाकलं तर ग्रुपवर उत्तर देऊन खजील करू नका, खाजगीत सांगा. उघड पाणउतारा झालेला माणूस चूक सुधारत नाही, ग्रुप सोडतो. आणि मग त्याला मदत लागली तरी कळत नाही.

## टप्पा ७: एकाच छपराखाली

दूरच्यांशी गोड बोलून घरातल्यांवर खेकसणं हा या काळातला नेहमीचाच प्रकार. कारण साधं असतं, एकांत मिळत नाही. घर कितीही लहान असलं तरी प्रत्येकाला रोज निदान अर्धा तास 'मला हाक मारू नका' असा मिळाला पाहिजे. जागा नसेल तर खूण ठरवा: कानाला हेडफोन, किंवा खुर्ची भिंतीकडे फिरवलेली. खूण दिसली की आग लागल्याशिवाय बोलायचं नाही. मुलांनाही हा हक्क द्या. ती तो मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

घरात कोणी विलगीकरणात असेल तर त्याला दिवस मोजायला मदत करा. कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, विलगीकरणाच्या मनावरच्या परिणामांबद्दलचे २४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात मनाला जास्त जाचलेल्या गोष्टी अशा निघाल्या: लांबलेला काळ, लागण होईल ही भीती, कंटाळा, अपुरं सामान आणि अपुरी माहिती. पैकी शेवटच्या तिन्हींवर घरच्यांचा हात चालतो. कितवा दिवस आहे आणि किती उरले ते दारावर लिहा. लागेल ते मागण्याआधी दाराशी ठेवा. आणि रोज ठरल्या वेळी दाराबाहेर बसून, दार लोटलेलं ठेवून, फोनवर पंधरा मिनिटं बोला. 'बोलायला काही नाही' असं वाटलं तर एकच कोडं दोघांनी मिळून सोडवा.

## टप्पा ८: आपल्या आवाक्याबाहेरचं ओळखा

तुम्ही फोन करणारे आहात, उपचार करणारे नाही. पुढे दिलेलं काही ऐकू आलं तर फोनफेरी बाजूला ठेवून ज्याचं ते काम आहे त्याची मदत घ्या.

लगेच वैद्यकीय मदत: श्वास घ्यायला त्रास, छातीत सतत दुखणं किंवा दाब, नव्याने सुरू झालेला गोंधळ किंवा असंबद्ध बोलणं, जागं न होणं, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी पडणं. फोनवर बोलताना एक वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल तर तेही.

डॉक्टर किंवा समुपदेशक: दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस न राहणं, झोप-जेवण पार बिघडणं, दारू वाढणं.

जगणं नकोसं झाल्याचं बोलणं: विषय बदलू नका. "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं सरळ, शांतपणे विचारा. असं विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट, कोणीतरी ऐकतंय हे कळतं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्यांना बोलतं ठेवा आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून किंवा दुसऱ्या माणसाकरवी जवळच्याला आणि हेल्पलाइनला कळवा. कोणीतरी प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत फोन ठेवू नका. तुमच्या भागातले आपत्कालीन आणि हेल्पलाइनचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

घरातच भीती असेल तर: आवाज दबलेला, मागून कोणी ओरडतंय, फोन मधेच तुटतो. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असंच विचारा आणि निरोप लिहून पाठवू नका; फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. संकटाचा एक साधा शब्द ठरवून ठेवा, जो रोजच्या बोलण्यात सहसा येत नाही.

अशा फोननंतर तुम्हीही कोणाशी तरी बोला. नाव न घेता बोलता येतं. आठवड्यातला एक दिवस फोनफेरीतून पूर्ण सुट्टी घ्या आणि त्या दिवशी राखीव माणसाला पुढे करा.

## टप्पा ९: फेरी थांबवणं

निर्बंध उठले की फोन एकदम तुटतात, आणि ज्यांचं जग अजून उघडलेलं नसतं त्यांना तो दुसरा धक्का बसतो. दोन आठवडे आधी सांगा: "पुढच्या महिन्यापासून मी रविवारी फोन करेन." आठवड्याला दोनवरून एक, मग पंधरवड्याला एक. ज्यांना अजून रोजची गरज आहे त्यांची नावं वेगळी काढून त्यांच्या नातेवाइकांशी बोला.

कोणाच्या किल्ल्या, उसने आणलेले डबे, उरलेले सुटे पैसे, सगळं परत करा. ग्रुपवर शेवटचा निरोप टाकून तो बंद करा. वहीतली पानं फाडून बारीक तुकडे करा. फोनमध्ये साठलेले औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटोही पुसून टाका. हेल्पलाइनचं पहिलं पान मात्र ठेवा, आणि ते नंबर सहा महिन्यांनी एकदा लावून चालू आहेत का बघा.